शरयूकाठचे कोरियन उद्यान आणि वर्धेकाठचे माहेर

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत श्रीरामललाची प्राणप्रतिष्ठा झाली, तेव्हापासून अकोला-अमरावतीकडून अयोध्येला जाणाऱ्या यात्रेकरूंची रीघ लागली आहे. ग्रामीण भागातील भजनी मंडळांपासून शहरांतील निवृत्त शिक्षकांपर्यंत सर्व थरांतील वऱ्हाडी माणूस तेथे जातो, रामललाचे दर्शन घेतो, हनुमानगढीच्या पायऱ्या चढतो, शरयूत स्नान करतो आणि कृतार्थ होऊन परततो. मात्र याच शरयूच्या काठी एक स्मृतिउद्यान आहे, त्याकडे आपल्या यात्रेकरूचे पाऊल क्वचितच वळते. वळले, तरी कौलारू वळणदार छपरांचे ते मंडप पाहून ‘हे चिनी की जपानी’ असा प्रश्न विचारून तो पुढे निघतो. हे उद्यान चिनी नाही आणि जपानीही नाही. ते कोरियन धाटणीचे आहे आणि अयोध्येच्या एका कन्येच्या स्मरणार्थ उभे आहे. सासरच्या वंशजांनी आपल्या आद्य मातेच्या माहेरी येऊन तिचे स्मारक करावे, असे जगात फार थोड्या ठिकाणी घडले असेल. म्हणूनच या उद्यानाचा विचार केवळ एक प्रेक्षणीय स्थळ म्हणून न करता, स्मरण कसे करावे याचा वस्तुपाठ म्हणून केला पाहिजे. वऱ्हाडाने तर तो अधिकच केला पाहिजे. कारण पुराणप्रसिद्ध राजकन्यांचे माहेर म्हणून साऱ्या भारतवर्षाने ज्या भूमीकडे पाहिले, ती विदर्भभूमी आपली आहे.

कोण ही राणी?

कोरियाच्या ‘समगुक युसा’ या ग्रंथात ही कथा आली आहे. इर्योन नावाच्या बौद्ध भिक्षूने तेराव्या शतकाच्या अखेरीस हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील कथेनुसार ‘आयुता’ नावाच्या देशाची सोळा वर्षांची राजकन्या समुद्रमार्गे इसवी सन ४८ मध्ये कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरली आणि गाया राज्याचा संस्थापक राजा सुरो याच्याशी तिचा विवाह झाला. कोरियन लोक तिला हो ह्वांग-ओक या नावाने ओळखतात. भारतात तिला ‘राजकुमारी सुरीरत्ना’ म्हटले जाते आणि अयोध्येतील स्थानिक लोक नुसतेच ‘रानी हो’ म्हणतात. बुसान शहराजवळील गिमहे येथे तिची समाधी आहे. प्रवासात खवळलेला समुद्र शांत व्हावा म्हणून तिने जहाजात ठेवलेल्या शिळांचा म्हणून एक लहानसा स्तूपही तेथे दाखविला जातो. गिमहे किम, गिमहे हो आणि इंचॉन ली ही कुळे स्वतःला या दाम्पत्याचे वंशज मानतात. दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग हे याच गिमहे किम कुळातील होते. राणीने आपल्या दोन मुलांना स्वतःचे कुलनाम द्यावे अशी इच्छा व्यक्त केली, म्हणून ‘हो’ हे कुळ वेगळे झाले, अशी परंपरा आहे. ही सर्व कुळे एका रक्ताची, म्हणून त्यांच्यात परस्पर विवाह निषिद्ध मानले जात. सगोत्र विवाह टाळणाऱ्या आपल्या समाजाला ही रीत परकी वाटू नये.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही कथा परंपरा आहे. ती इतिहासाच्या कसोटीवर निर्विवाद सिद्ध झालेली नाही. घटना पहिल्या शतकातील आणि ग्रंथ तेराव्या शतकाचा. मधे बाराशे वर्षांचे अंतर आहे. ‘आयुता’ म्हणजे अयोध्याच, असे मानणारे अभ्यासक आहेत, तसेच तो दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरील प्रदेश असावा असे म्हणणारेही आहेत. कोणी थायलंडमधील अयुथ्याकडे बोट दाखवितात. परंतु ते नगर १३५१ मध्ये वसले, म्हणजे ग्रंथ लिहून झाल्यानंतर. गिमहे येथील राजसमाधीच्या द्वारावर असलेली मत्स्यजोडी आणि उत्तर प्रदेशाच्या राजचिन्हातील मत्स्यजोडी यांचे साम्यही दाखविले जाते. परंतु केवळ एका चिन्हाच्या साम्यावर दोन हजार वर्षांचा इतिहास उभा करता येत नाही, हेही तितकेच खरे. परंपरेला परंपरा म्हणण्याने तिचा मान कमी होत नाही. उलट, परंपरेलाच इतिहास म्हणून रेटले की पहिल्याच आक्षेपाने ती कोलमडते आणि तिच्यासोबत आपली विश्वासार्हताही जाते. श्रद्धेला प्रश्नांची भीती नसावी.

माहेरी येणारी माणसे

कोरियन लोकांनी या परंपरेचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. २००१ मध्ये शरयूकाठी राणीच्या स्मरणशिळेचे अनावरण झाले, त्या वेळी कोरियाहून शंभरावर प्रतिनिधी आले होते. अयोध्या आणि गिमहे ही भगिनीनगरे झाली. तेव्हापासून या कुळांतील लोक दरवर्षी अयोध्येत येतात, आपल्या पद्धतीने आद्य मातेला वंदन करतात आणि परत जातात. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी, दीपोत्सवाच्या दिवशी, दक्षिण कोरियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी किम जुंग-सूक आणि मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांच्या उपस्थितीत या स्मारकाच्या विस्ताराचा शिलान्यास झाला. २०१९ मध्ये दोन्ही देशांनी राजकुमारीवर संयुक्त टपाल तिकिटे काढली. आज त्या जागी राजाचा मंडप आणि राणीचा मंडप, जलाशय, त्यावरील पूल आणि वृक्षराजी असे उद्यान उभे आहे.

उद्यानाच्या खर्चापेक्षा आणि मंडपांच्या सौंदर्यापेक्षा त्या लोकांचे दरवर्षी येणे अधिक महत्त्वाचे आहे. शिळा आधी बसली, माणसे वर्षानुवर्षे येत राहिली आणि त्या येण्यातून पुढे उद्यान झाले. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो. आधी निधी, मग भूमिपूजन, मग कोनशिलेवर कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली यावरून वाद, मग लोकार्पण. आणि माणसे मात्र येतच नाहीत. स्मारक उभे राहते, स्मरण उभे राहत नाही.

अयोध्येची वैदर्भी राणी

आता वऱ्हाडी वाचकाने थोडे मागे वळून पाहावे. अयोध्येची कन्या सातासमुद्रापार गेली, ही कोरियाची परंपरा. परंतु अयोध्येच्या राजघराण्यात सून म्हणून कोण आली होती? कालिदासाच्या ‘रघुवंशा’त याचे उत्तर आहे. विदर्भराज भोजाची भगिनी इंदुमती हिने स्वयंवरात रघुपुत्र अजाला वरले. अज आणि इंदुमती यांचा पुत्र दशरथ आणि दशरथाचे पुत्र प्रभू रामचंद्र. म्हणजे कालिदासाच्या काव्यानुसार श्रीरामाची आजी वैदर्भी होती. रामाच्या वंशवेलीला विदर्भाचे पाणी मिळाले आहे. या इंदुमतीचा अंतही नगरातील उपवनातच झाला. आकाशमार्गे जाणाऱ्या नारदांच्या वीणेवरील दिव्य पुष्पमाला तिच्या अंगावर पडली आणि तिचे प्राण गेले, अशी ती कथा आहे. त्यानंतरचा अजाचा विलाप संस्कृत साहित्यातील करुणरसाचा मानदंड मानला जातो. अयोध्येतील उपवन आणि परमुलुखातून आलेली राणी यांचे नाते असे जुने आहे. तरीही अयोध्येला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना शरयूच्या काठी इंदुमतीची आठवण होते?

इंदुमती एकटी नाही. अगस्त्यांची पत्नी लोपामुद्रा विदर्भाची, नलाची दमयंती विदर्भाची आणि श्रीकृष्णाची रुक्मिणी तर विदर्भाचीच. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे भीष्मक राजाची राजधानी कुंडिनपूर म्हणून परंपरेने मानले आहे. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरातून श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, ही श्रद्धा या शहराच्या रक्तात आहे. महानुभाव कवी नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले, नाथांनीही ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले. म्हणजे मराठी काव्याच्या प्रारंभापासून या माहेराची आठवण जागती आहे. कौंडण्यपूरला १९६०च्या दशकात झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन आणि त्याहूनही जुन्या वसतीचे अवशेष सापडले. रुक्मिणीचा पुरावा म्हणून ते पुढे करण्याचे कारण नाही. येथे फार प्राचीन काळापासून नांदते गाव होते, एवढे त्यांनी सिद्ध केले आणि तेवढेही पुष्कळ आहे.

स्मरणाची आपली रीत

वऱ्हाडला स्मरण करता येत नाही, असे मुळीच नाही. कौंडण्यपूरहून आषाढीला पंढरपूरला जाणारी रुक्मिणीमातेची पालखी चारशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगते. माहेरची पालखी म्हणून तिचा मान आहे. अकोल्याचे कावडधारी श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे जल खांद्यावर घेऊन रात्रभर चालतात आणि राजराजेश्वराला अभिषेक करतात. १९४२च्या लढ्यात रक्त सांडलेली यावली आणि बेनोडा ही गावे आज आपल्या नावातच ‘शहीद’ हा शब्द धारण करून आहेत. गावाने आपले नावच स्मारक करावे, याहून मोठी कृतज्ञता कोणती? मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे त्यांच्या महानिर्वाणाच्या क्षणी, अफाट जनसमुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली अर्पण करतो. एवढा मोठा समाज एका क्षणी गप्प होतो, हे स्वतःच एक स्मारक आहे.

म्हणजे श्रद्धेची वाण नाही. वाण आहे ती जागेच्या संस्काराची. चालणाऱ्या, वाहणाऱ्या, गाणाऱ्या स्मरणात आपण संपन्न आहोत. परंतु स्थिर स्मरणस्थान निर्माण करून ते राखण्यात आपण दरिद्री आहोत. आपल्या शहरांतील स्मारक म्हणजे बहुधा चौकाच्या मध्यभागी लोखंडी कठड्यात बंदिस्त पुतळा. त्याच्याजवळ जाता येत नाही, तेथे बसता येत नाही, त्या महापुरुषाविषयी चार ओळी वाचण्याची सोय नाही. वर्षातून दोनदा शिडी लावून हार घातला जातो आणि उरलेले दिवस त्या चौकात शुभेच्छाफलकांची दाटी असते. ज्यांच्या पुढे घडीभर निवांत बसावे, त्यांना आपण वाहतुकीचे बेट करून टाकले आहे.

उद्यान कशासाठी?

कोरियन उद्यानाची एक विशेषता सांगितली जाते. सृष्टीला कापूनछाटून आपल्या आकारात बसविण्यापेक्षा डोंगर, ओढा, जुने झाड जेथे आहे तेथे तसेच ठेवून माणसाने आपला मंडप त्याच्या कडेने उभारावा, ही तिची दृष्टी. सोल येथील चांगदोकगुंग राजवाड्याच्या मागील उपवनात एक चौकोनी तळे आहे आणि त्याच्या मध्यभागी गोल बेट आहे. पृथ्वी चौकोनी आणि आकाश गोल, ही प्राचीन कल्पना तेथे कोणत्याही फलकाविना दिसते. तळ्याकाठचा मंडप हा बसून पाहण्यासाठी असतो. बसण्याची जागा हाच त्या उद्यानाचा प्राण आहे. परदेशी धाटणीचे उद्यान महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाचे जपानी पद्धतीचे उद्यान लोक आवडीने पाहतात.

पण म्हणून अमरावतीत किंवा अकोल्यात कोरियन छपरांचे मंडप उभारावेत, असा या लेखाचा आशय नाही. तसे करणे हा अनुकरणाचा बालिशपणा ठरेल. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेथे हिरवळीचे गालिचे आणि कारंजी म्हणजे पाण्याची उधळपट्टी होय. आपण घ्यायचे ते तत्त्व. जे येथे आहे, तेच राखून त्याच्या सावलीत बसण्याची जागा करावी. वऱ्हाडचा कडुलिंब, चिंच, पळस, मोह, बेल, नदीकाठचा अर्जुनसादडा, काळ्या दगडाचा पार आणि पायऱ्यांचा घाट, हेच आपले उद्यान आहे. पार ही तर आपलीच संस्था आहे. गावाचा न्याय, गावाची चर्चा आणि वाटसरूचा विसावा तिने शतकानुशतके सांभाळला.

दुसरी गोष्ट शिकण्यासारखी आहे ती दिल्लीची. दिल्ली छावणीत २६ मार्च २०२१ रोजी भारत-कोरिया मैत्री उद्यानाचे उद्घाटन झाले. सहा एकरांच्या या उद्यानाचे प्रवेशद्वार कोरियन शैलीचे आहे. १९५० ते १९५३ या कोरियन युद्धात भारताने लढाऊ सैन्य पाठविले नाही. वैद्यकीय पथक पाठविले. ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स या पथकाने सुमारे १ लाख ९५ हजार रुग्णांवर उपचार केले आणि २,३०० शस्त्रक्रिया केल्या, हे तेथील स्तंभांवर आकड्यांनिशी कोरले आहे. जनरल थिमय्या यांचा पुतळा आहे आणि त्यामागे त्यांनी सैनिकांना दिलेला संदेश आहे. थिमय्या तेथे युद्धकैद्यांसंबंधीच्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते. आणि त्या हजारो कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व १९५३-५४ मध्ये कोल्हापूरकडील एका मराठी सेनानीने, मेजर जनरल शंकरराव थोरात यांनी केले होते. आपल्या शाळकरी मुलांना हे नाव ठाऊक आहे काय? विशेषणांची आतषबाजी न करता काम आणि आकडे सांगणारा स्तंभ पिढ्यांना शिकवितो. ‘थोर’, ‘महान’, ‘युगपुरुष’ एवढेच लिहिलेली कोनशिला कोणालाच काही शिकवीत नाही.

कौंडण्यपूरला काय व्हावे?

अमरावती शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कौंडण्यपूरला वर्धेच्या काठी विदर्भकन्यांचे एक स्मृतिवन व्हावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. लोपामुद्रा, दमयंती, इंदुमती आणि रुक्मिणी अशा चौघींसाठी चार पार असावेत. प्रत्येकीची कथा कोणत्या ग्रंथात आली आहे, हे साध्या मराठीत दगडावर कोरलेले असावे. उत्खननात काय सापडले, ते वेगळ्या स्तंभावर, परंपरेशी मिसळू न देता लिहावे. उंच पुतळा नको, रंगीत दिवे नकोत. सावली असावी, पिण्याचे पाणी असावे, स्वच्छतागृह असावे आणि ते स्वच्छ असावे. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांची समाधी ज्या अमरावतीत आहे, तिने ही शेवटची अट गौण मानू नये.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. ज्या वऱ्हाडात कापूस आणि सोयाबीन पिकवणारा शेतकरी कर्जापायी जीव देतो, तेथे स्मृतिवनाची चैन कशाला? आक्षेप करणाऱ्याच्या मनातील कळकळ आम्ही मानतो. कोट्यवधींचा आराखडा, सिमेंटची कमान आणि काचेचे दालन यांना आमचाही विरोधच राहील. परंतु झाडे लावणे आणि राखणे हे काम गावाच्या हातांना मिळू शकते, यात्रेकरू थांबला तर बचत गटाच्या भाकरीला गिऱ्हाईक मिळते. आणि पैशापलीकडचीही एक बाजू आहे. माहेर या शब्दाचा अर्थ आपल्या समाजात केवळ जन्मघर असा नाही. संकटात सापडलेल्या लेकीला जेथे जाता येते, ती जागा म्हणजे माहेर. घरातला कर्ता पुरुष गेलेल्या किती स्त्रिया आज वऱ्हाडात एकाकी शेती कसत आहेत! रुक्मिणीच्या माहेरी वर्षातून एक दिवस तरी अशा भगिनींना मानाने बोलवावे, त्यांची ओटी भरावी, त्यांच्या अडचणी ऐकून घ्याव्यात, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा भार गावागावांनी वाटून घ्यावा. असे झाले, तर ते स्मृतिवन चैन ठरणार नाही. ते समाजाचे कर्तव्यस्थान ठरेल.

आळस मात्र परवडणार नाही. अरुणाचल प्रदेशातील इदू मिश्मी बांधव रुक्मिणी आपल्या भीष्मकनगरची मानतात. गुजरातमधील माधवपूरच्या यात्रेत कृष्ण-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो आणि २०१८ पासून त्यात ईशान्येकडील राज्ये उत्साहाने सहभागी होतात. याविषयी कोणाच्या मनात मत्सर नसावा. एकच कन्या ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याला आणि वर्धेच्या काठाला आपली वाटते, यातच या देशाचे एकत्व आहे. त्यांनी आपली श्रद्धा कष्टाने जागती ठेवली, आपणही ठेवावी. भांडून सिद्ध करण्यासारखे यात काही नाही. करून दाखविण्यासारखे पुष्कळ आहे.

सरकारी निधीची वाट न पाहता पहिले पाऊल समाजाला टाकता येईल. पालखीसोबत पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांनी दरवर्षी एकेक देशी झाड दत्तक घ्यावे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील जाणकारांनी नदीकाठाला मानवणारी झाडे सुचवावीत. अमरावतीच्या महाविद्यालयांतील मराठी आणि संस्कृतच्या अध्यापकांनी पाराच्या शिळांवरील मजकूर सिद्ध करावा आणि त्यातील प्रत्येक शब्दाची जबाबदारी घ्यावी. शाळांनी सहली काढाव्यात. झाड मोठे व्हायला दहा वर्षे लागतात आणि परंपरा रुजायला त्याहून अधिक. गिमहेच्या वंशजांनी एका शिळेपासून प्रारंभ केला आणि ते येत राहिले. वऱ्हाडला कौंडण्यपूर तर चाळीस किलोमीटरवरच आहे.